बाराव्या नंबरचा कोच

व्हर्लन टिडवेलने त्या सप्टेंबरात जाहीर करून टाकलं की यंदाची आपली यादी ऐकल्यावर अख्ख्या ओकोली गावात एकही माणूस गप्प बसणार नाही. जाहीर केलं ते शेजारच्या हॉइट स्टेगॉलसमोर, कुंपणावरून. हॉइट तेव्हा गवत कापायचं यंत्र चालवत होता, त्यामुळे त्याला शब्दही ऐकू गेला नाही. पण त्याने मान हलवली, आणि हल्ली व्हर्लनला तेवढंही पुरायचं.

यादी कोचांची. आमच्या गटात बारा कॉलेजं, बारा फुटबॉल संघ आणि बारा मुख्य कोच. फुटबॉल अमेरिकन: चेंडू हातात घेऊन घुसायचं, चार प्रयत्नांत दहा यार्ड, नाहीतर चेंडू समोरच्यांचा. त्यांत पहिला कोण, शेवटचा कोण आणि मधले कुठे कुठे, हे व्हर्लन तरुणपणापासून ठरवत आलेला. दर गुरुवारी संध्याकाळी बडी क्रेनच्या रेडिओ कार्यक्रमात फोन करून तो ते जगाला कळवायचा. त्याला कोणी विचारलेलं नसायचं. पण इथे मिसिसिपीत रविवारी चर्च चुकलं तर देव समजून घेतो. कोचांबद्दल मत नसेल तर शेजारी समजून घेत नाहीत.

पूर्वी ही यादी रेडिओवर जायच्या आधी स्वयंपाकघरातच सोलून निघायची. व्हर्लनची बायको नेल्डा हिला फुटबॉलमधलं नवऱ्यापेक्षा जास्त कळायचं आणि ते ती लपवत नसे. "हर्शेल गॅडी तिसरा? काल पडलाबिडलास का कुठे?" अशी सुरुवात व्हायची आणि जेवण थंड झाल्यावर गॅडी पाचवा तरी व्हायचा, नाहीतर व्हर्लन उपाशी तरी राहायचा. दोन वर्षांपूर्वी नेल्डा गेली. तेव्हापासून व्हर्लन जी यादी करायचा ती तशीच्या तशी राहायची. पहिल्या नंबरावर त्याने हॉइटचा कुत्रा बसवला असता तरी घरात कोणी हरकत घेतली नसती. मुलगी डेन्व्हरला, तिला फुटबॉलचा तिटकारा. सरळच सांगायचं तर व्हर्लनला एकटं वाटायचं, आणि शनिवारी सामना सुरू झाला की फारच एकटं वाटायचं.

म्हणून त्याने डोकं लढवलं. माणसं आपलं पटलं म्हणून कोणाच्या दारात जात नाहीत. नाही पटलं की मात्र जेवण टाकून येतात. तेव्हा लोकांना अजिबात पटणार नाही असं काहीतरी बोलायला हवं.

ते बोलायला नेमकी वेळ आली होती. आमच्या ओकोली स्टेट कॉलेजचा कोच ट्रॅव्हिस ओडम, दुसरंच वर्ष त्याचं, सुरुवातीचे तिन्ही सामने जिंकून बसला होता. त्यातला एक तर नदीपलीकडच्या कॉलेजविरुद्ध, ज्यांना हरवलेलं आमच्या कित्येक पोरांनी फक्त आजोबांच्या तोंडून ऐकलं होतं. गावातल्या बेकरीने त्याच्या नावाचा डोनट काढला. दोन बायकांनी पोटातल्या बाळाचं नाव ठरवून टाकलं.

"बोला, मिस्टर व्हर्लन," गुरुवारी बडी क्रेन रेडिओवर म्हणाला, "आपला ओडम कितवा? पहिला की दुसरा?"

"बारावा."

"बारा जणांत?"

"तेरावा असता तर तेरावा म्हणालो असतो."

"अहो, तीन सामने जिंकलाय तो."

"नशिबाने. चौथ्या प्रयत्नाला बघ त्याला. दहा यार्डांतलं एकच यार्ड उरलेलं असतं आणि हा गडी लाथ मारून चेंडू समोरच्यांच्या हवाली करतो. भित्रा आहे. भित्र्याचं नशीब ऑक्टोबरपर्यंतच टिकतं."

बडीने घाईघाईने गाद्यांची जाहिरात लावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी व्हर्लन पेपर आणायला दार उघडून बघतो तर अंगणात पाट्या. 'घर विकणे आहे', 'घर विकणे आहे', जिकडेतिकडे हेच, निळ्या, लाल, पिवळ्या. आमच्याकडे कोचवर राग आला की लोक मोर्चा काढत नाहीत. घरं विकणाऱ्या दलालांच्या पाट्या गावभरातून उपटून आणतात आणि रातोरात कोचच्या अंगणात रोवतात. अर्थ एवढाच, की बाबा, सामान बांध. आजवर हा मान फक्त कोचांनाच मिळालेला. पाणीखात्यातून निवृत्त झालेल्या माणसाला तो पहिल्यांदाच मिळत होता.

दुसरा कोणी असता तर संतापला असता. व्हर्लनने मोठं भांडंभर कॉफी ठेवली, ओसरीवर चार खुर्च्या मांडल्या आणि इस्त्रीचा शर्ट घालून वाट बघत बसला. रागावलेली माणसं आता येतीलच, असा त्याचा हिशेब. गाड्या आल्या, अंगणासमोर हळू झाल्या, आतली माणसं हसली आणि गाड्या निघून गेल्या. दुपारपर्यंत कॉफी कडू झाली.

"काढून टाकू का रे?" हॉइटने कुंपणावरून विचारलं. "लोक हसतायत."

"हात लावू नकोस. हसू देत. जरा थांबून हसले तर बरं होईल."

"तू आत एकटा बसून काय करतोस कोण जाणे," हॉइट म्हणाला आणि आपल्या घरात गेला. बसायला आला नाही. हात दाखवून अवलक्षण करून घ्यावं, तर तो हातही कोणी नीट बघेना.

मंगळवारी मात्र घंटा वाजली.

दारात तिशीतली एक बाई उभी होती, हातात झाकलेलं गरम भांडं. गावातली नव्हती. डोळे भरून आले होते, पण आवाज एखाद्या नर्ससारखा कामाचा.

"मी मेरिबेथ. इथून जाताना पाट्या बघितल्या आणि राहवलं नाही. आमच्या आधीच्या गावी एका कोचच्या अंगणात असंच गवत दिसेनासं झालं होतं. कोच, तुम्ही जेवलात का?"

व्हर्लनने मागे वळून बघितलं. मागे कोच नव्हता, खुंटीवरचा कोट होता.

"कोंबडीचा कॅसरोल आहे," ती आत येत म्हणाली. "वरती बिस्किटांचा चुरा घातलाय. ओव्हनमध्ये पंधरा मिनिटं ठेवते. मिसेस कुठे आहेत?"

"ती... वर."

"मग उठवू नका. अशा दिवसांत झोप लागणंच कठीण असतं." तिने हळूच वर बघितलं. व्हर्लनच्या घराला वरचा मजला नव्हता. तिची नजर छतावरून भिंतीवरच्या नेल्डाच्या फोटोवर, त्याखालच्या दोन तारखांवर आली आणि तिने भांडं पटकन टेबलावर ठेवलं. "अरे देवा. माफ करा."

"अगं, असू दे. तिला आवडलं असतं हे."

आता वाचकांपासून काय लपवायचं? मेरिबेथ म्हणजे ट्रॅव्हिस ओडमची बायको. पहिलं वर्षभर आईच्या आजारपणामुळे ती टेक्ससला होती, उन्हाळ्यात इथे राहायला आली. कोचच्या बायकोचे दोन नियम तिने पाळले होते: रेडिओ लावायचा नाही आणि आडनाव सांगायचं नाही. आडनाव सांगितलं की बायका गोड हसतात आणि घरी बोलवत नाहीत, कारण ज्याला पुढेमागे हाकलायचंय त्याच्या बायकोशी मैत्री कशाला वाढवा. गावात तिला ओळखणारं कोणी नव्हतं. पाट्या बघून तिला वाटलं, इथे कोणीतरी आपल्यातलं राहतं, एखाद्या शाळेच्या संघाचा म्हातारा कोच असेल.

व्हर्लनने खरं सांगायला तोंड उघडलं होतं. पण तेवढ्यात ओव्हनमधून वास सुटला. नेल्डानंतर त्या ओव्हनमधून तसा वास आलाच नव्हता. त्याने तोंड मिटलं.

"तुम्ही संघात नेमकं काय बघायचात?" जेवताना तिने विचारलं.

व्हर्लनला खोटं बोलवेना. "गळती," तो म्हणाला. "कुठून गळतंय ते शोधायचं आणि बंद करायचं. जन्मभर तेच केलं."

"म्हणजे डिफेन्स."

"तसं म्हण हवं तर."

"आणि एवढं करून शेवटी या पाट्या." तिने त्याच्या ताटात आणखी वाढलं. "माझे मिस्टर कॉलेजात असतात. मुलांना शिकवतात."

"चांगलं आहे. शिकवणाऱ्याच्या अंगणात कोणी पाट्या लावत नाही."

मेरिबेथ घाईने पाणी प्यायली.

त्यानंतर ती दर मंगळवारी यायला लागली. व्हर्लन सोमवारी दाढी करायचा. आणि मग यादीचा विषय निघाला, निघणारच होता, आणि व्हर्लनला दोन वर्षांत पहिल्यांदा भांडायला माणूस मिळालं. मेरिबेथचा हिशेब निराळा होता. कोणता कोच कसला डाव खेळतो याला ती फारशी किंमत देत नसे.

"हर्शेल गॅडी तिसरा? छे. हरल्यावर तो गाडीत बसून राहतो, घरात जात नाही. त्याच्या बायकोने मला सांगितलंय. तो दहावा."

"अगं, सात वेळा गट जिंकलाय तो." गॅडीची बायको हिच्या ओळखीची कशी, हे विचारायचं भांडणाच्या भरात व्हर्लनला सुचलंच नाही.

"आणि क्लिफ्टन रूसला तुम्ही आठवा टाकलात? त्याला संघातल्या प्रत्येक पोराच्या आईचं नाव पाठ आहे. रूस दुसरा."

"आयांच्या नावांनी यार्ड मिळत नाहीत, पोरी."

"चांगली पोरं मिळतात. ती कोणामुळे येतात? आयांमुळेच ना?"

 व्हर्लनने रूसला सहाव्यावर घेतलं आणि वादात हरल्याचा त्याला इतका आनंद झाला की कॉफीत त्याने साखर दोनदा घातली.

"आणि बारावा?" एका मंगळवारी तिने विचारलं. विचारताना ती पेकानच्या, म्हणजे अक्रोडासारख्या दाण्यांच्या, गोड पाईचे तुकडे कापत होती.

"ओडम."

सुरी थांबली. "का?"

"भित्रा आहे. चौथ्या प्रयत्नाला लाथ मारतो. बाजूला उभा असतो तेव्हा बघ त्याच्याकडे. कोणीतरी परवानगी देईल म्हणून वाट बघत असल्यासारखा."

मेरिबेथने सुरी खाली ठेवली. तिला राग आला नाही, हे नवलच. रेडिओवरच्या टग्यांनी म्हटलं असतं तर आला असता. पण हा जन्म डिफेन्समध्ये घालवलेला म्हातारा कोच, आपल्यातला. आणि परवानगीचं त्याचं बोलणं तर घरी रोज दिसणारं खरं होतं. तोवर संघ चौथा सामना हरला होता, आणि ट्रॅव्हिस रात्रभर जागा राहत होता.

"तुम्ही त्याच्या जागी असता तर काय केलं असतं?" तिने विचारलं.

झालं. जन्मात कोणी न विचारलेला प्रश्न. व्हर्लनने मिठाची बाटली, मिरीची बाटली आणि उरलेले पेकान टेबलावर मांडले आणि सगळं समजावून सांगितलं. लाथ मारायचीच नाही. चौथ्या प्रयत्नाला दरवेळी पुढे घुसायचं. स्वतःच्या हद्दीत असलो तरी घुसायचं. "समोरच्याला कळलं पाहिजे की हा घाबरत नाही. पाणी असंच असतं, दाब सोडला की संपलं." तिने मन लावून ऐकलं. नंतर ती मनातल्या मनात काहीतरी घोकत गाडीत बसली.

शनिवारी ओकोली स्टेटने एकदाही लाथ मारली नाही. व्हर्लन टीव्हीसमोर ताडकन उभा राहिला. "शाबास, ओडम. अक्कल आली तर," तो रिकाम्या घराला म्हणाला. संघ दणदणीत हरला. पुढच्या शनिवारीही लाथ मारली नाही, आणखी दणदणीत हरला. त्याच्या पुढच्या शनिवारी स्वतःच्या गोलाच्या तोंडाशी चौथ्या प्रयत्नाला घुसायला गेला, आपटला, आणि समोरच्यांनी तीन पावलांत गुण घेतले. माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्याचा सामना होता तो, आणि समोरचं कॉलेज इतकं किरकोळ होतं की त्यांना आमच्याकडे हरण्याचे पैसे देऊन बोलावलं होतं. दुकानातून ओडम डोनट गायब झाला.

"हा काय वेडेपणा चाललाय?" बडी क्रेन रेडिओवर ओरडत होता. "हे डोकं कोणाचं? मिस्टर व्हर्लन, तुम्ही तर सप्टेंबरातच सांगितलं होतं. बोला."

त्या गुरुवारी आयुष्यात पहिल्यांदा व्हर्लन म्हणाला, "मला काही म्हणायचं नाही."

शनिवारी संघ पुन्हा हरला, आणि रविवारी सकाळी व्हर्लनने दार उघडलं तर अंगण मोकळं. एकही पाटी नाही. नुसतं गवत, जागोजागी भोकं पडलेलं.

"गेल्या तुझ्या पाट्या," हॉइट चर्चला निघाला होता, टाय बांधता बांधता म्हणाला. "मॅग्नोलिया रस्त्यावर, ओडमच्या अंगणात. रात्रीच हलवल्या पोरांनी. सुटलास लेका."

व्हर्लनने हिशेब मांडला. मंगळवारी मेरिबेथ इथून जाईल, मोकळं अंगण बघेल आणि म्हणेल, कोचवरचं संकट टळलं, आता आपलं काय काम. मग ती थांबेल कशाला? पाट्या होत्या म्हणून ती आली होती.  दुसरा काही मार्ग त्याला दिसला नाही. त्याने ट्रक काढला आणि आपल्या पाट्या परत आणायला निघाला.

ओडमच्या अंगणात पाट्यांचं रान माजलं होतं. व्हर्लनने आपली निळी ओळखली, दोन्ही हातांनी धरली आणि उपटायला लागला. पोरांनी ठोकली होती पक्की. ती निघेना. तो पुढेमागे हलवायला लागला, मग वर भार देऊन सैल करायला लागला, आणि नेमकी तेव्हा चर्च सुटलं होतं की भरत होतं देव जाणे, गाड्यांची रांग लागली.

लांबून बघणाऱ्याला पाटी उपटणारा माणूस आणि पाटी रोवणारा माणूस सारखेच दिसतात.

पहिल्या गाडीने हॉर्न वाजवला. दुसरीची काच खाली झाली. "आम्हाला माफ करा हं, मिस्टर व्हर्लन. तुम्हीच खरं बोलत होतात." तिसरी तर चक्क थांबली. माणसं उतरली, पाठीवर थाप मारली, हात हातात घेतले. "ठोका, ठोका. जरा डावीकडे घ्या." सगळा सीझन ज्यांची वाट बघितली ती माणसं त्याच्याशी बोलायला थांबली होती, आणि व्हर्लनला तोंड लपवायला जागा नव्हती.

"मी ठोकत नाहीये," तो म्हणत होता. "मी काढतोय. या माझ्या आहेत."

"आता सगळ्यांच्याच आहेत, मिस्टर व्हर्लन," कोणीतरी म्हणालं आणि सगळे हसले.

तेवढ्यात घराचं दार उघडलं. गाऊनवर नवऱ्याचा कोट चढवलेली मेरिबेथ पायरीवर आली. गर्दी गाड्यांकडे सरकली.

व्हर्लनने तिच्याकडे बघितलं, दारावरच्या ओडम नावाकडे बघितलं, आणि हातातल्या पाटीकडे बघितलं. त्याला सगळं एकदम समजलं, आणि समजायला नको होतं तेही.

"कोच?" ती म्हणाली.

"मी कोच नाही, पोरी. पाणीखात्यात होतो. नळ."

"गळती," ती हळूच म्हणाली.

"हो. रेडिओवर बोलतो तो मीच. त्या पाट्या तुझ्या नवऱ्याला बारावा म्हणालो म्हणून लावल्या होत्या लोकांनी. मला सांगायचं होतं. पण तू जेवायला वाढलंस."

ती पायरीवर बसली. "लाथ मारायची नाही, हे मी त्याला सांगितलं. म्हटलं, इथे एक जुने कोच आहेत, फार जाणते आहेत. त्याने ऐकलं हो. तो कधी कोणाचं ऐकत नाही. पण मला गावात कोणीतरी भेटलंय म्हणून त्याला इतकं बरं वाटलं होतं की त्याने ऐकलं."

 जन्मभर व्हर्लनचं कोणी ऐकलं नव्हतं, आणि ऐकलं ते या बिचाऱ्याने.

"एकच सांगा," मेरिबेथ म्हणाली. डोळे पुसले, पण आवाज पुन्हा तोच कामाचा. "आता कितवा?"

खोटं बोलायची याहून चांगली वेळ आली नसती. पण यादीच्या बाबतीत व्हर्लन नेल्डाशीही खोटं बोलला नव्हता.

"अकरावा," तो म्हणाला.

मेरिबेथ हसली. रडता रडता हसली. "उशीर झाला. सकाळी कॉलेजच्या अध्यक्षांचा फोन आला. आता तो यादीतच नाही."

रस्त्यावर गाड्या अजून रेंगाळत होत्या. व्हर्लनने विचारलं, "मंगळवारी येशील?"

"मंगळवारी सामानाचा ट्रक येतोय."

मग दोघांनी मिळून पाट्या काढल्या. ती उपटायची, तो ट्रकमध्ये टाकायचा.  एकदा ती म्हणाली की रूस सहावा असणं तिला अजून पटलेलं नाही, आणि तो म्हणाला की बरं, पाचवा. शेवटच्या पाटीला त्याने हात घातला तेव्हा तिने त्याचं मनगट धरलं.

"ती राहू द्या. आता लागेलच."

व्हर्लनने ती पाटी सरळ केली. वाकडी बरी दिसली नसती. टाचेने भोवतालची माती दाबली, दोनदा हलवून बघितली, पक्की बसल्याची खात्री केली.

मागून गाडीतून टाळ्या वाजल्या. "शाबास, मिस्टर व्हर्लन," कोणीतरी ओरडलं. "शनिवारी येऊ का तुमच्याकडे सामना बघायला?"

"जागा नाही," व्हर्लन म्हणाला.